वळचणीला लागून गाडीचे छप्पर : आधी पाण्याची वाट, मग पत्रा

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे झरी जामणी तालुका आहे. येथील लहान व्यापारी व कारागीर यांच्या दारात गेल्या काही वर्षांत गाड्या आल्या. कुणाची किराणा पोहोचवणारी मालवाहू गाडी, कुणाचा ऑटो, कुणाची आठवडी बाजारांना कपड्यांचे गठ्ठे नेणारी पिकअप. २०२२ साली मुकुटबनला सिमेंट कारखाना सुरू झाला, त्यानंतर भाड्याच्या गाड्यांचीही भर पडली. गाडी हे पोटापाण्याचे साधन असल्यामुळे तिला ऊनपावसापासून आडोसा हवा, आणि वेगळी जागा नसल्यामुळे तो आडोसा घराच्या भिंतीलाच लागून करावा, असा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. विचार योग्य आहे. अडचण वेगळीच आहे. या भागातील जुनी घरे कवेलूची म्हणजेच कौलांची आहेत आणि त्यांची वळचण भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट आलेली असते. नवे छप्पर या वळचणीशी कसे जुळवायचे, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक ठिकाणी मिस्त्री येतो, वळचणीखाली चार पाइप उभे करतो, पत्रे ठोकतो आणि मजुरी घेऊन जातो. पहिल्या पावसाळ्यात सांधा गळतो. दुसऱ्या पावसाळ्यात घराच्या भिंतीला ओल येते. तिसऱ्या वर्षी भिंतीचा पाया खचू लागतो. गाडी वाचते, पण वाडवडिलांचे घर धोक्यात येते. मातीच्या भिंती सततच्या पावसात कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, हे विसरून चालणार नाही. म्हणून या कामातील मूळ नियम आम्ही आरंभीच सांगून टाकतो. नव्या छपराचे वजन जुन्या घरावर टाकू नये आणि जुन्या घराचे पाणी कोठे जाणार हे ठरल्याशिवाय एकही खड्डा खणू नये. पुढील सर्व सूचना या दोन गोष्टींचाच विस्तार आहेत.

वळचण कशासाठी असते?

वळचण शोभेसाठी नसते. जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण नऊशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. समजा घराचे एक पाखे ३० फूट लांब आहे आणि त्याने जमिनीवर १२ फूट रुंदी झाकली आहे. एक इंच पाऊस झाला तर त्या एका पाख्यावरून सुमारे ८५० लिटर पाणी खाली येते. चार इंचांची झड लागली तर हेच पाणी ३,४०० लिटर होते. वळचण हे पाणी भिंतीच्या बुडापासून दोन फूट दूर फेकते. जुन्या माणसांनी पागोळ्यांच्या रेषेत फरशी किंवा दगड बसवले, त्याचे कारण हेच.

वळचण झाकून पत्रा टाकला की पाण्याची ही जुनी वाट बंद होते. नवी वाट नीट करून दिली नाही, तर पाणी आपली वाट स्वतः शोधते आणि ती नेमकी भिंतीतून जाते. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरी आहे, पण वाऱ्याच्या झोतात पाणी सपाट सांध्यातून वीतभर वर चढते, हेही तितकेच खरे आहे. मिस्त्रीने दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

उंचीचा हिशेब आधी करा

या कामात सर्वांत जास्त फसगत उंचीत होते. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडू या.

घराची भिंत ८ फूट उंच आहे. पाख्याचा उतार दोन फुटाला एक फूट आहे आणि वळचण दोन फूट बाहेर आली आहे. म्हणजे वळचणीचे टोक जमिनीपासून ७ फुटांवर आले. त्याच्या खाली हात घालायला जागा हवी म्हणून पत्रा सहा इंच खाली, साडेसहा फुटांवर घेतला. नालीदार पत्र्याला सहा फुटाला एक फूट उतार ठेवावा, त्याहून कमी ठेवला तर सांधे गळतात. छप्पर १० फूट रुंद केले तर उतारात १ फूट ८ इंच गेले. बाहेरच्या बाजूला उंची उरली ४ फूट १० इंच.

आता गाडी पाहा. ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो त्या गाडीची लांबी सुमारे साडेबारा फूट, रुंदी पाच फूट आणि उंची सहा फूट असते. वर माल बांधला तर उंची आणखी वाढते. पाच फुटांच्या छपराखाली ही गाडी शिरणार कशी? मग मिस्त्री उतार कमी करतो आणि छप्पर गळते. किंवा जमीन खोदून खोल करतो, मग पावसाळ्यात गाडी डबक्यात उभी राहते. दोन्ही उपाय चुकीचे आहेत. हा हिशेब पत्रे विकत घेण्याआधी करावा. घरोघरी भिंतीची उंची वेगळी असते, म्हणून टेपने स्वतः मोजून आपले आकडे घालावेत.

छप्पर जोडण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग, वळचणीच्या खाली पत्रा. वरील हिशेबाप्रमाणे हा मार्ग मोटारसायकल, हातगाडी, शिलाई मशीन किंवा सुतारकामाचे सामान यांच्यासाठीच उपयोगी आहे. रुंदी सहा फूट ठेवली तर बाहेरची उंची साडेपाच फूट मिळते. कवेलूचे पाणी सरळ पत्र्यावर पडते आणि सांधा वळचणीच्या आडोशाला राहतो, हा याचा फायदा. मात्र पत्र्याचे वरचे टोक वळचणीच्या आत किमान एक फूट गेले पाहिजे, म्हणजे वाऱ्याने उडालेले पाणी मागे पडणार नाही. वरून पडणाऱ्या पाण्याने पत्रा एका रेषेत झिजतो, म्हणून ती रेषा अधूनमधून पाहत जावी.

दुसरा मार्ग, तिकोनी भिंतीच्या बाजूला छप्पर. दुपाखी घराच्या दोन टोकांना भिंत आढ्यापर्यंत तिकोनी चढलेली असते. या बाजूला पागोळ्या पडत नाहीत आणि उंचीही भरपूर मिळते. वीस फूट खोलीच्या घरात याच उताराने आढे १३ फुटांवर जाते. कोपऱ्यांपासून दोन-दोन फूट आत सोडून मधल्या १६ फुटांत छप्पर बसवले, तर त्याची वरची कड ९ फुटांवर ठेवता येते. दहा फूट रुंदीत उतार जाऊन बाहेरची उंची ७ फूट ४ इंच उरते. छोटा हत्ती मालासह आरामात उभा राहतो. जागा या बाजूला असेल तर दुसरीकडे पाहूही नये. चौपाखी घराला मात्र अशी भिंत नसते.

तिसरा मार्ग, वळचणीपासून सुटे छप्पर. वळचणीच्या टोकापुढे दोन फूट मोकळी पट्टी सोडायची आणि त्यापुढे स्वतंत्र छप्पर उभे करायचे, ज्याचा उतार घराकडून बाहेर जाईल. घराचे पाणी पट्टीतील नालीत, छपराचे पाणी पलीकडे. कोठेही सांधा नाही, त्यामुळे गळण्याचा प्रश्नच नाही. छपराची उंचीही आपल्या मर्जीप्रमाणे ठेवता येते. भिंतीपासून मोजल्यास वळचणीचे दोन, पट्टीचे दोन आणि छपराचे दहा असे १४ फूट अंगण यासाठी लागते. गाडीतून घरात येताना दोन पावले भिजावे लागते, एवढाच तोटा. आमच्या मते जागा असलेल्यांसाठी हा मार्ग सर्वांत निर्धोक आहे.

चौथा मार्ग, कवेलूच्या खालच्या ओळी काढून तेथून पत्रा. जागा अरुंद, तिकोनी भिंत नाही, तेव्हा हा उपाय राहतो. भिंतीच्या आत दोन फूट अंतरावर पाख्याची उंची ९ फूट असते. तेथपर्यंतची कवेलू उतरवून पत्र्याचे वरचे टोक वरच्या कवेलूखाली एक फूट सरकवायचे. तेथून बारा फुटांत दोन फूट उतार दिला तर बाहेरची उंची ७ फूट मिळते आणि जुने वासे पत्र्याच्या खाली तसेच राहतात. वासे कापण्याची गरज नाही. जुना सागवानी वासा कवडीमोलाने विकू नका, तसे लाकूड पुन्हा मिळणे कठीण. या मार्गात घराच्या पाख्याचे सगळे पाणी नव्या पत्र्यावरून वाहते, म्हणून बाहेरच्या कडेला मोठी पन्हळ लावावीच लागते.

येथे एक इशारा. काही जण कवेलूच त्याच कमी उतारावर पुढे वाढवतात. कवेलूला पंचवीस-तीस अंशांचा उतार लागतो. दहा अंशांवर पाणी कवेलूच्या सांध्यातून मागे शिरते आणि खालचा वासा कुजतो. उतार जेथे कमी झाला, तेथून पुढे पत्राच टाकावा.

छपराला स्वतःचे पाय द्या

भिंतीत अँगल ठोकून छपराची एक बाजू तिच्यावर टेकवायची पद्धत सर्रास आहे. तीन पाइप वाचतात खरे, पण माती किंवा मातीच्या गाऱ्यातील विटांची भिंत असा ओढा सोसत नाही. घराच्या बाजूलाही तीन खांब उभे करावेत. सोळा फूट लांबीच्या छपराला दोन्ही बाजू मिळून सहा खांब पुरतात. घराकडचे खांब भिंतीपासून दीड फूट दूर ठेवावेत, म्हणजे खड्डे खणताना जुना पाया उघडा पडत नाही.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुने घर आपल्या जागी बसलेले असते, नवा खांब मात्र मातीबरोबर वर-खाली होतो. दोघांना एकमेकांत पक्के बांधले तर भेग पडणारच. म्हणून खड्डा काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत न्यावा आणि नवे-जुने यांच्यात थोडी सैल जागा ठेवावी. मुरूम फार खोल असेल तर खड्डा तीन फुटांहून उथळ ठेवू नये. लोखंडी पाइप जमिनीलगत गंजतो, त्यासाठी काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच आणून त्याला बाहेर उतार द्यावा.

पाण्याइतकाच शत्रू म्हणजे वारा. एप्रिल ते जून या काळातील वादळात पत्रे उडाल्याचे आपण दरवर्षी पाहतो. भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये नागपूरसाठी वाऱ्याचा आधारभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. बाजूंनी उघडे छप्पर अशा वाऱ्यात छत्रीसारखे वर खेचले जाते. ११ बाय १६ फुटांच्या छपरावर हा ओढा हिशेबाने दीड ते दोन टन येतो. पत्र्यांचे वजन मात्र एक क्विंटलही भरत नाही. त्यांना धरून ठेवणार कोण? खांबाखालचे काँक्रीट. दीड बाय दीड फूट आणि अडीच फूट खोल काँक्रीटचे वजन सुमारे ३८० किलो होते. सहा खांबांचे मिळून सव्वादोन टन झाले. म्हणून पाइपच्या बुडाला आडवे गज जोडून तो काँक्रीटमध्ये गाडावा. नुसती माती ठोकून उभा केलेला खांब वादळात वर येतो.

पत्रा लावताना भोके नालीच्या माथ्यावर पाडावीत, खोलगट भागात कधीही पाडू नयेत. बोल्टखाली रबराचे वायसर हवे. शेजारच्या पत्र्यावर किमान दीड नाली चढवावी आणि लांबीत जोड द्यावा लागला तर सहा इंच चढवावा. जुने सिमेंटचे पत्रे स्वस्तात मिळाले तरी ते करवतीने कापू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ कारागिराच्या फुफ्फुसात कायमची बसते.

सांधा आणि पन्हळ

दुसऱ्या मार्गात पत्रा भिंतीला भिडतो. तेथे साध्या पत्र्याची काटकोनात वाकवलेली पट्टी लागते. तिचा एक भाग भिंतीवर सहा इंच चढलेला आणि दुसरा छपराच्या पत्र्यावर सहा इंच उतरलेला असावा. पट्टीची वरची कड भिंतीत खाच पाडून तीत बसवावी. भिंत मातीची किंवा चुन्याची असेल तर खाच चुन्याच्या गाऱ्याने भरावी. वणीजवळच्या राजूरचा चुना या भागात पूर्वापार माहीत आहे. मातीच्या भिंतीवर सिमेंट ठेवले की ते काही दिवसांत पापुद्र्यासारखे सुटते. पट्टी छपराच्या पत्र्याला खिळू नये, नुसती टेकू द्यावी. छप्पर हलले तरी मग भिंत ओढली जात नाही.

दोन उतार समोरासमोर येऊन मध्ये खोलगट पन्हळ होईल, अशी रचना टाळावी. कडुनिंबाचा पाला, माकडांच्या उड्यांनी फुटलेले कवेलूचे तुकडे, सारे त्या पन्हळीत साचते आणि तुंबलेले पाणी घराच्या बाजूने उलटते. पन्हळ नेहमी बाहेरच्या कडेला असावी. सहा इंच रुंदीची पन्हळ, तीस फुटांत चार इंच उतार आणि शेवटी चार इंची पाइप एवढे पुरते. पाइपचे तोंड भिंतीजवळ सोडू नये. पाणी रस्त्याकडच्या नालीत किंवा विहिरीच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात न्यावे. मृग लागण्यापूर्वी एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा पन्हळ साफ करावी.

घर स्लॅबचे असेल तर

स्लॅबच्या घराला वळचणीऐवजी छज्जा असतो. छज्जा भिंतीतून बाहेर लोंबता असतो आणि त्याचे मुख्य गज वरच्या अंगाला असतात. तो स्वतःचे वजन पेलण्यासाठी केलेला असतो, छपराचे नव्हे. त्याला पाइप वेल्ड करणे, भोके पाडून छप्पर टांगणे किंवा अडथळा होतो म्हणून तो तोडणे, ही तिन्ही कामे घातक आहेत. तोडलेल्या जागी गज उघडे पडतात, गंजतात आणि गंज भिंतीच्या आत जातो. छज्जा सात फुटांवर असेल तर छप्पर त्याच्या वरून, छज्जा व स्लॅब यांमधील भिंतीलगत न्यावे आणि तेथे वर सांगितल्याप्रमाणे पट्टी बसवावी. गच्चीच्या पाण्याचे पाइप पत्र्यावर न सोडता सरळ जमिनीपर्यंत उतरवावेत.

शेजारी, परवाना आणि सुरक्षितता

आपले पाणी आपल्याच जागेत पडले पाहिजे. घराची वळचण वर्षानुवर्षे शेजाऱ्याच्या बाजूला गळत असली, तरी नव्या छपराचे जादा पाणी तेथे सोडण्याचा हक्क त्यामुळे मिळत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे असा हक्क वीस वर्षांच्या उघड, शांततापूर्ण व अखंड वापराने निर्माण होऊ शकतो, आणि तोही जितका वापर होता तितकाच. हाच नियम शेजाऱ्याच्या खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्याला लागू आहे. काम सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्याला बोलावून दोरी लावून हद्द दाखवावी आणि पाणी कोठे जाणार ते सांगावे. एका पन्हळीचा खर्च कोर्टाच्या एका तारखेपेक्षा कमी असतो.

परवानगीच्या बाबतीत उधारी नको. झरी जामणी येथे नगर पंचायत आहे, तेथे तिच्याकडे अर्ज करावा. मुकुटबन, पाटण यांसारख्या गावांत ग्रामपंचायतीकडे जावे. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. अर्जासोबत मिळकतीचा नमुना आठचा उतारा, मोजमापाचा साधा नकाशा आणि पाण्याच्या निकालाची दिशा द्यावी. घरपट्टी थोडी वाढेल, पण पुढे कर्ज घेताना किंवा वाटणी करताना हेच कागद उपयोगी पडतात.

वळचणीखाली खोलीची खिडकी असेल तर ती गाडीच्या छपरात येऊ देऊ नये. चालू इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच माणसाचा जीव घेतो. गाडी छपराखाली गरम करत ठेवू नये आणि छपराच्या दोन बाजू तरी उघड्या राहाव्यात. डिझेल-पेट्रोलचे डबे लाकडी वाशांखाली साठवू नयेत. वेल्डिंग करणाऱ्या बांधवांनी वळचणीखाली काम करताना वरचे लाकूड ओल्या पोत्याने झाकावे आणि काम संपल्यावर अर्धा तास तेथेच थांबून पाहावे, कारण वाशाच्या फटीत पडलेली ठिणगी उशिरा पेट घेते. बॅटरीवर चालणाऱ्या ऑटोची चार्जिंगही मोकळ्या हवेतच करावी.

मिस्त्रीशी ठराव कसा करावा?

तोंडी व्यवहारात दोघांचेही नुकसान होते. एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : छपराची वरची व खालची उंची, खड्ड्यांची खोली, पत्र्याची जाडी, भिंतीवरच्या पट्टीचे माप आणि पाण्याची वाट. पैसे तीन टप्प्यांत द्यावेत. पहिला हप्ता खड्डे पाहून, काँक्रीट पडण्याआधी. दुसरा पत्रे चढल्यावर. शेवटचा हप्ता पाख्यावर दहा-बारा बादल्या पाणी ओतून सांधा कोरडा राहिल्याचे पाहिल्यावर. प्रामाणिक मिस्त्रीला या अटींची अडचण वाटणार नाही. उलट काम चोख झाल्याचा दाखला त्याच्या हाती राहतो आणि पुढचे गिऱ्हाईक त्यावरच मिळते. कारागीर बांधवांनी तर स्वतःहूनच असा कागद पुढे करावा, असे आम्ही सुचवतो.

कामाला हंगाम उन्हाळ्याचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये खड्डे व काँक्रीट करावे, त्याला पंधरा दिवस पाणी मारावे आणि वादळांचे दिवस सुरू होण्याआधी पत्रे पक्के बसवून घ्यावेत. मे महिन्याच्या अखेरीस घाईने उभारलेले छप्पर ओल्या काँक्रीटवर उभे असते आणि पहिल्याच वावटळीत त्याची परीक्षा होते.

गाडी दहा वर्षांनी बदलते, घर पिढ्यान्पिढ्या राहते. एखाद्या मिस्त्रीने भिंतीत चार अँगल ठोकून दोन दिवसांत काम उरकून देतो असे सांगितले, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : या वळचणीचे पाणी उद्यापासून कोठे जाणार? त्याचे उत्तर समाधानकारक असेल तरच त्याला इसार द्यावा.